साडेचार वर्षांचा प्रश्न

आमच्या घरमालकांनी मला एकदा एक प्रश्न विचारला आणि त्यानंतर अकरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते खाली राहत, आम्ही वर. फाटक एक, विहीर एक, पाण्याची टाकी एक. तरी अकरा दिवस मी त्यांच्या पडवीकडे न बघता ये-जा केली. गच्चीवरच्या टाकीकडे जाताना त्यांच्या चपला जिन्यावर वाजल्या की मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची.

आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर आधी तो प्रश्नच आठवतो. माणूस त्याच्या मागून येतो.

अंगानं ठेंगणे, रापलेले, दाढी रोज घोटलेली. खाकी हाफपँट आणि पांढरा बनियन, लग्नाला जायचं असेल तरच त्यावर शर्ट. जहाजाच्या इंजिनरूममध्ये त्यांची तीसेक वर्षं गेली होती. ऑइलर म्हणून चढले आणि फिटर होऊन उतरले. लग्न केलं नव्हतं. मुंबईला एक पुतण्या होता, तो मे महिन्यात आंबे न्यायला यायचा. इंजिनच्या आवाजानं त्यांचा डावा कान कामातून गेला होता, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार अशा समजुतीनं ते बोलायचे. साधं "पाणी इला काय?" विचारलं तरी तिसऱ्या घरातून उत्तर यायचं.

मालवणात त्यांना पाठीमागं सगळे 'लिटर' म्हणत. तोंडावर काका.

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा भाडं सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "घरात माणसां किती? दिवसाक पाणी किती लिटर लागता?"

"मोजूक नाय कधी," मी म्हणाले.

"मगे तुमी जगतास कशी?"

हे ते चेष्टेनं म्हणाले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. जहाजावर रोज दुपारी बारा वाजता गेल्या चोवीस तासांत किती तेल जळलं ते कळवावं लागतं. नोकरी सुटली तरी त्यांचे बारा सुटले नाहीत. दुपारी बाराला ते हातातलं काम टाकून उठायचे. पितळी टोकाची एक लांब काठी होती, ती पाण्याच्या टाकीत उभी सोडायची, ओली खूण बघायची. मग ताणकाट्याला गॅसचा सिलिंडर लावून वजन घ्यायचं. मग स्कूटरच्या टाकीत बारीक काडी. तिन्ही आकडे स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी तळव्यानं पुसून नवे लिहायचे. जुने आकडे त्यांना नको असत. "कालचो खप काल गेलो," म्हणायचे.

खप हा त्यांचा शब्द. गाडीचं अ‍ॅव्हरेज किती, असं कुणी बोललं की ते तोंड वाकडं करायचे. "अ‍ॅव्हरेज शोरूमचा. खप आपलो."

एकदा मी त्यांना जेटीवर बघितलं. किल्ल्यावर जाणाऱ्या एका होडीत आठ-दहा पर्यटक बसले होते, लहान मुलं होती, आणि काका होडीची दोरी हाताला गुंडाळून उभे होते. होडीवाला चिडून लाल झाला होता.

"अर्धी टाकी आसा काका. जावन येवक पुरतला."

"अर्धी नाय. चार बोटां आसा. मी काडी घालून बघितलंय."

"माझी होडी. तुमी कोण माका सांगणारे?"

"जातलंस," काका म्हणाले. "येवचंस नाय."

वारा उलटा होता. माणसं खाली उतरायला लागली, कुणी पैसे परत मागायला लागलं. होडीवाल्यानं दोरी हिसकली तशी ती काकांच्या मनगटाला काचली, रक्त आलं, पण त्यांनी सोडली नाही. शेवटी कॅन आणून पेट्रोल ओतलं तेव्हाच होडी सुटली. नंतर आठवडाभर त्या माणसानं त्यांच्याकडे बघितलं नाही. मग एक दिवस बांगडे घेऊन आला. काकांनी बांगडे घेतले आणि त्याला विचारलं, "आज किती जाळलंस?"

असं का करता, म्हणून मी विचारलं होतं. तेव्हा त्यांनी एका जहाजाची गोष्ट सांगितली. तिथला मुख्य इंजिनियर रोजच्या आकड्यात थोडं तेल दडवून ठेवायचा, अडीअडचणीला असावं म्हणून. सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून सगळे त्या दडवलेल्या तेलाच्या भरवशावर होते. एका फेरीत ते नव्हतंच. वादळात तीन दिवस जहाज अर्ध्या वेगानं सरपटत होतं आणि खाली इंजिनरूममध्ये कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"आकडो खोटो सांगलो तर मशीन रागावणा नाय," ते म्हणाले. "दर्या रागावता."

माझी आई फोंडाघाटची. बाबा गेल्यावरही ती तिथंच एकटी राहायची. मग तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि मी तिला मालवणला घेऊन आले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जवळपास कुठं जागा मिळेना, म्हापशाच्या एका इस्पितळात नंबर लागला. जायला नव्वद किलोमीटर, यायला नव्वद. मंगळवारी नवरा रजा टाकायचा, शुक्रवारी मी. तो एका पतसंस्थेत, मी हायस्कूलला शिक्षिका. मुलगी दहावीत.

आधी भाड्याची गाडी करत होतो. आईचे गुडघे दुमडत नसत. ठेंगण्या गाडीत तिला बसवायचं म्हणजे दोघांनी काखेत धरून खाली सोडायचं, आणि परत येताना तिच्या अंगात त्राण नसे तेव्हा तसंच वर ओढायचं. एकदा कुडाळच्या पुढं गाडी बंद पडली. भर उन्हात दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास आई मागच्या सीटवर आडवी पडून होती आणि मी वहीनं वारा घालत होते. त्या दिवशी घरी आल्यावर नवरा म्हणाला, आपली गाडी घ्यायची. उंच, मोठी, व्हीलचेअर डिकीत मावेल अशी.

इथपर्यंत आमचं एकमत होतं. भांडण पुढं झालं.

दोन एसयूव्ही नजरेत भरल्या. एक साधी पेट्रोलवरची. दुसरी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, तिला पेट्रोल कमी लागतं, पण किंमत चार लाखांनी जास्त. नवऱ्याचं म्हणणं, स्वस्तातली घ्यावी, हप्ता झेपेल. माझं म्हणणं, एवढी धाव असताना तेल पिणारी गाडी घेऊन काय करायचं. आई आतल्या खोलीत असायची, म्हणून आम्ही नळ सोडून, त्याच्या आवाजात दबल्या स्वरानं भांडायचो. तो म्हणे, "एवढी महाग कशाला?" आणि मला ऐकू यायचं, 'एवढी महाग, किती दिवसांसाठी?' तो तसं म्हणत नव्हता. पण एकदा तसं ऐकू यायला लागल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. मी हायब्रिडचा हट्ट धरला की त्याला वाटे, ही मला कंजूष ठरवते आहे. महिनाभर हे चाललं. जेवताना मुलगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायची आणि लवकर उठायची.

शेवटी नवराच म्हणाला, "काकांना विचारू. ते म्हणतील ती घेऊ."

काकांनी आधी आमची कागदपत्रं बाजूला सारली. कंपनीनं छापलेले आकडे त्यांनी वाचलेसुद्धा नाहीत. "गाडी चालवन बघूया," म्हणाले. "आणि आवस पण येतली. जो भार रोज नेवचो, तोच घेवन बघूचो." आवस म्हणजे माझी आई.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे कुडाळच्या शोरूममध्ये. काकांनी शर्ट घातला होता. ऑफिसात गेले की ते शुद्ध मराठी बोलायचे, जरा अडखळत. सेल्समन पोरगेला होता, टाय लावलेला. तो म्हणाला, "सर, पाच किलोमीटरचा राऊंड मारून आणतो."

"पाच किलोमीटरात इंजिन तापत नाही," काका म्हणाले. "आम्ही बांद्यापर्यंत जाणार आणि परत येणार. दोन्ही गाड्या. पेट्रोल आमचं."

मॅनेजरला बोलवावं लागलं. तो नाही म्हणत होता. मग त्याला आई दिसली, व्हीलचेअरमध्ये, हाताला पट्टी. तो हो म्हणाला.

पंपावर काकांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. वर गाडीला धक्के देऊन हवा बाहेर काढली आणि पुन्हा थेंब थेंब भरायला लावलं. मागं रांग लागली, लोक हॉर्न मारत होते. आई मधल्या सीटवर, व्हीलचेअर डिकीत, एसी चालू. सेल्समन मध्येच हळूच एसी बंद करायला गेला तर काकांनी त्याचा हात धरला. "आईंना उकडतं," म्हणाले. बांद्याला जाऊन आलो, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीनं टाकी काठोकाठ. मग दुसरी गाडी. दुसऱ्या खेपेला आईचा चेहरा उतरला होता, तरी ती म्हणाली, "असांदे, एकदाच काय ता बघून घेवा."

संध्याकाळी काका वर आले. आम्ही तिघं गॅलरीत बसलो. आई आत पडली होती. पेट्रोलची गाडी लिटरला अकरा, हायब्रिड बावीस, एवढंच त्यांनी सांगितलं. मग आठवड्याच्या दोन फेऱ्या, वर्षाचे किलोमीटर, असं बोटांवर मोजत गेले. सर्व्हिसिंग, विकताना मिळणारी किंमत, हे नवऱ्यानं काढलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. "ता मागाहून. आधी खप." काही वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "महाग गाडी तेलात चार लाख फेडूक साडेचार वर्षां लावतली. तेच्या आधी गाडी थांबली तर स्वस्त ती बरी. तेच्या फुडे चालली तर महाग ती बरी."

नवरा मान हलवत होता. मला बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांनी कुणीतरी शांतपणे काहीतरी सांगत होतं.

"आता माका एकच सांग गो बाय," काका म्हणाले. "तुझी आवस साडेचार वर्षां काढतली काय?"

नेहमीच्याच आवाजात. म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा.

नवऱ्यानं खाली बघितलं, आणि त्या खाली बघण्यानं मला जास्त लागलं, कारण त्यात मला त्याचं उत्तर दिसलं. आत खाटेची कुरकुर थांबली. आई कूस बदलत होती, ती थांबली.

"काका, तुमी खाली जावा," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आल्यावर कळलं नाही. "डॉक्टरांनी काय तरी सांगितला आसतला."

"खाली जावा म्हणतंय ना."

ते उठले. दारात एकदा थांबले. जिना उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी सावकाश. त्या वेळी मी त्याचा अर्थ 'कसे तोंड लपवून जाताहेत' असा लावला.

ते अकरा दिवस वाईट गेले. मी दुसरी जागा शोधायला लागले. नवऱ्याशी बोलणं कामापुरतं. गाडीचं नाव कुणी काढेना. भाड्याच्या गाडीतून म्हापशाला जाताना आई खिडकीतून बाहेर बघत राहायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायची. तिनं ऐकलं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. रस्त्याकडे बघत मी मनात म्हणायची, साडेचार का नाही? दहा का नाही? आणि लगेच दुसरा आवाज विचारायचा, दोन तरी?

एक दिवस मी शाळेतून आले तर आई घरात नव्हती. खाली धावले. ती काकांच्या पडवीत बाकावर बसली होती, पदरानं घाम पुसत. चौदा पायऱ्या ती एकटी उतरली होती. काका समोर खांबाला टेकून उभे होते. दोघं बोलायची थांबली.

वर आणताना मी तिला म्हणाले, "तेंच्याकडे कित्याक गेलंस?"

"तू बोलणंस नाय म्हणून मी बोलू नको?" ती म्हणाली. दोन पायऱ्या चढून थांबली, श्वास घेतला. "तेंनी इचारल्यानी ता तुमी दोघांय म्हयनोभर मनात घोळवतास. माका कोणी इचारूक नाय."

बाराव्या दिवशी दुपारी बारा वाजता काका टाकीकडे न जाता आमच्या दारात येऊन उभे राहिले. काठी हातात नव्हती. सणाची सुट्टी होती, सगळे घरात होतो.

"बाय, माझो हिशोब चुकलो," ते म्हणाले.



"फेऱ्यांचो आकडो खोटो होतो. आठवड्याक दोन नाय. तीन."

आतून आईचा आवाज आला, मी तिला इतकं रागावलेलं कधी ऐकलं नव्हतं. "काका, ता तुमच्याकडेच ऱ्हवाक व्हया होता."

"खोटो आकडो माझ्या पोटात ऱ्हवणा नाय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "डॉक्टर चार म्हयने तिका सांगता, आठवड्याक तीनदा यी म्हणून. ती तुमका सांगूक नाय."

मी आत गेले. आईनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

"खरा काय?"

ती म्हणाली, "दोन दिवस तुमची कामां मोडतत. तिसरो खंयसून काढूचो? चेडवाची दहावी आसा."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. नवऱ्यानं फोन माझ्याकडून घेऊन स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, हो, मी आईंना वारंवार सांगतोय, त्या म्हणतात घरी बोलते. दोन वेळांत पाणी नीट निघत नाही, त्याचा ताण हृदयावर येतो. असंच चाललं तर मला वर्षभराचीसुद्धा खात्री देता येणार नाही. आणि तीनदा केलं तर? नवऱ्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, वचन कुणालाच देता येत नाही, पण तीनदा येणारे माझे पेशंट सात-आठ वर्षं येताहेत.

फोन ठेवला. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "शनिवारी शाळा सकाळची असते ना तुझी? सुटल्यावर निघता येईल. शुक्रवारची फेरी गुरुवारवर घेऊ. मुख्याध्यापकांशी बोल." आणि मग तो रडायला लागला. महिनाभर मी ज्याच्याशी भांडत होते त्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

काका अजून दारातच उभे होते. त्यांना धड ऐकू आलं नसणार, पण चेहऱ्यांवरून कळलं असावं. "तीन फेऱ्यांक तीन वर्षां," ते म्हणाले आणि खाली गेले.

आम्ही हायब्रिड घेतली.

शनिवारी काका आमच्याबरोबर यायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या शनिवारी शर्ट घालून फाटकात उभे राहिले आणि दार उघडून पुढं बसले. आई दोन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात सावंतवाडीच्या पुढं तिनं मागून त्यांना केळं दिलं. त्यानंतर ती दोघं इतकं बोलायची की मला रेडिओ लावता येत नसे. मी ऐंशीच्या वर गेले की काका घसा साफ करायचे. आई म्हणायची, "गो, तेंका खोकलो इलो, हळू चल."

जवळजवळ दोन वर्षं असं चाललं. मुलगी बारावीत गेली. आईच्या पायांवरची सूज उतरली, ती पुन्हा स्वयंपाकघरात येऊन माझ्या सोलकढीला नावं ठेवायला लागली.

मग तो शनिवार. मेची सुट्टी होती म्हणून आम्ही सकाळीच निघालो होतो. बांदा मागं टाकून थोडं पुढं गेलो असू. काका बराच वेळ बोलले नव्हते. मी बघितलं तर त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, आणि एसी चालू होता.

"काका, काय होता?"

"छातीत जड झाला." एवढंच, आणि हळू आवाजात. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि भीती वाटली ती त्याचीच.

मी गाडी बाजूला घेत होते तर आई मागून म्हणाली, "थांबू नको. फुडे चल. थंय सगळे डॉक्टर आसत."

माझा पाय आपोआप दाबला गेला. शंभर, एकशेदहा. समोरून मालट्रक येत होते. आई मागून हात पुढं करून काकांचा खांदा धरून बसली होती. काकांनी डोळे उघडले, समोरच्या काचेतून नाही, गाडीच्या आकड्यांकडे बघितलं.

"ऐंशीवर हाड," ते म्हणाले, म्हणजे वेग ऐंशीवर आण.

"गप ऱ्हवा तुमी," आई म्हणाली. "गो, दाब."

पुढचे वीस किलोमीटर मला आठवत नाहीत. आईचं बोलणं आठवतं. ती त्यांना सारखी काहीतरी विचारत होती, जहाज कुठलं होतं, बंदर कुठलं होतं, जेवायला काय असायचं, आणि ते एकेका शब्दात उत्तर देत होते. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. आईला तिच्या मशीनला जोडलं आणि त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. मी जिन्यात उभी राहिले, खाली जावं की वर कळेना.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुतण्या आला. खोली आवरताना कपाटात औषधांच्या पिशवीखाली एक फाईल सापडली, ती त्यानं मला दाखवली. हृदयाच्या डॉक्टरांची. तीन नसा बंद, ऑपरेशनचा सल्ला, आणि त्याखाली काकांच्याच अक्षरात 'नको' आणि सही. तारीख बघून मी बाकावर बसले. त्यांनी गॅलरीत मला तो प्रश्न विचारला, त्याच्या आधीच्या महिन्यातली होती.

मी वर जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"केवा?"

"मी खाली गेललंय ना, त्याच दिवशी. मी माझा सांगितलंय, तेंनी तेंचा. कोणाक सांगूचा नाय असा दोघांचा ठरलेला." तिनं सूप खाली ठेवलं. "तेंनी माझा सांगून टाकल्यानी. मी तेंचा सांगूक नाय."

मी तिच्याजवळ बसले. ती रडली नाही. म्हणाली, "दोन वर्षां तो माणूस माझ्या फुडच्या सीटवर बसत होतो गो."

ऑपरेशन त्यांनीच नाकारलं, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "मी पण तिसरी फेरी नाकारलेली."

गाडीची तीन वर्षं गेल्या महिन्यात भरली. नवऱ्यानं मला ते सांगितलं, पण आम्ही दोघांनीही पुढं काही विचारलं नाही. आईच्या फेऱ्या चालू आहेत.

मागच्या शनिवारी इस्पितळात आईच्या शेजारच्या खाटेवर पिंगुळीच्या एक बाई होत्या. नव्यानंच यायला लागल्या आहेत. मशीन चालू झाल्यावर दोघी हळूहळू बोलत होत्या. मी पायथ्याशी उभी राहून आईचं पांघरूण नीट करत होते. त्या बाई आईकडे कलल्या, काहीतरी कुजबुजल्या आणि ओठांवर बोट ठेवून दाराकडे बघितलं. दाराबाहेर त्यांचा मुलगा फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. चाळिशीचा असेल, थकलेला.

आईनं मान वळवली. हाताला नळ्या होत्या, म्हणून तिला उठता येत नव्हतं.

"झिला," तिनं त्या मुलाला मोठ्यानं हाक मारली, सगळ्या खोलीनं वळून बघितलं. "हंय ये रे. तुझी आवस तुका काय ता सांगता."